डब्याच्या अलीकडे दोन हात

माझ्या बापाचा निशाणा लागत नाही, हे मला साताऱ्यातल्या एका हॉलमध्ये काचेच्या पेटीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर वाचायला मिळालं. पुठ्ठा छान होता, अक्षरही वळणदार होतं. 'गोफण-दांडा. लढाईच्या काळात एका मेंढपाळ जवानाने बनवलेले फेकायचे शस्त्र. प्रयोग फसला. निशाणा लागत नाही.' मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कानशिलं तापली आणि मी तिथंच मोठ्यानं विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" हॉलमध्ये एका शाळेच्या मुली रांगेनं फिरत होत्या. त्यांच्या बाईंनी मला बघून रांग दुसऱ्या भिंतीकडे वळवली.

माझा आवाज मोठाच आहे, त्याला इलाज नाही. कुपवाडला माझं वर्कशॉप आहे, तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन. पंपाचे बुश, पिना, असली कामं. लेथच्या आवाजावर बोलून बोलून तीस वर्षं काढली की माणसाचा गळा असाच होतो. सुरुवातीला बाई लेथवर उभी राहते म्हणून शेजारच्या शेडमधले लोक गाड्या थांबवून बघायचे. मी म्हणायचे, "काय, तिकीट काढून आलाय का?" हळूहळू थांबायचे बंद झाले.

आम्ही मूळचे साताऱ्याच्या पूर्वेकडचे, पावसानं पाठ फिरवलेल्या माळावरचे धनगर. आजोबांची मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत गेले आणि मेंढरं माझ्या चुलत्यांकडे राहिली. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. फौजेतून सुटल्यावर आबांनी साताऱ्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली, आणि तीही संपल्यावर गावी येऊन तात्यांच्या शेजारी घर बांधून राहिले. धनगराचा पोरगा, पण मी जन्मल्यापासून त्यांच्या हातात गोफण बघितली नव्हती. तात्यांच्या कमरेला ती कायम असायची. आबा तिला शिवायचे नाहीत. का, ते आम्ही कधी विचारलं नाही, कारण आबांना विचारून काही कळतं असा अनुभव घरात कुणालाच नव्हता.

हॉलमध्ये जायच्या आदल्या दिवशी तात्यांचा फोन आला. "आगं, तुझा बा जेवंना. साताऱ्याला हयातीचा दाखला द्याया गेलता, तिथनं आल्यापास्नं गप हाय. दोन दिस झालं." आबा गप असणं यात नवीन काही नव्हतं, पण न जेवणं नवीन होतं. मी शेड बंद करून किल्ली कामगाराकडे दिली आणि निघाले.

आबा ओट्यावर बसले होते. मी भाकरी-कालवण पुढं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले. "तुमी खाल्ल्याबिगर मी उठत न्हाई. माझी तीन मशीन बंद हायत तिकडं." मशीन बंद आहेत म्हटल्यावर त्यांनी एक घास मोडला. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "साताऱ्यात माझा दांडा ठेवलाय. काचंत."

मग जे त्यांनी सांगितलं, ते मी माझ्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

लढाईच्या त्या हिवाळ्यात आबा बावीस वर्षांचे होते. डोंगरी सरहद्द. मध्ये एक खोल नाला, पलीकडे चढावर शत्रूची चौकी. हातानं फेकलेला बॉम्ब नाल्यातच पडायचा, चढावर पडला तरी गडगडत खाली यायचा. सगळ्या पलटणीचं डोकं या एका गोष्टीवर चालू होतं. कुणी काय काढायचा, कुणी काय. आबांनी टिकावाचा दांडा घेतला, तंबूची दोरी घेतली, फाटक्या बुटाची जीभ कापून तिची झोळी केली आणि दांड्याला गोफण बांधली. नुसत्या हातापेक्षा ती तिप्पट लांब फेकायची. जवान खूश झाले. कप्तान साहेब स्वतः बघायला आले. मागच्या छावणीत साठ पावलांवर तेलाचा डबा उभा केला आणि खऱ्या बॉम्बच्या जागी मातीचे गोळे दिले. दहा फेकी.

"आन्?" मी विचारलं.

"दहाच्या दहा डब्याच्या दोन हात अलीकडं पडले."

"सगळे?"

"सगळे. एक बी लागला न्हाई. साहेबानं कागद काढला, लिवलं, आन् दांडा घेऊन गेला. दांडा जोडला म्हणून माझा अंदाज चुकला असंल. काय म्हायती." मग भाकरीचा तुकडा ताटात फिरवत म्हणाले, "पुढं सोळा वर्सं पलटणीत मला 'दोन हात अलीकडं' म्हणत व्हते. रोल कॉलला सुद्धा मागनं कुणीतरी म्हणायचं."

मला लय राग आला. कुणाचा, ते ठरत नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी थेट साताऱ्याला गेले.

तर तो हॉल. निवृत्त फौजींच्या एका मंडळानं ते प्रदर्शन मांडलेलं होतं, जवानांनी लढाईच्या धामधुमीत स्वतःच्या अकलेनं बनवलेल्या फेकायच्या वस्तूंचं. खरं सांगायचं तर आबांचा दांडा तिथं नसता तर मी हसून हसून लोळले असते. दोन खांबांना ट्रकची ट्यूब बांधून केलेली माणसाएवढी बेचकी होती. तिनं पहिलाच दगड मागं स्वतःच्या लंगरातल्या वरणाच्या पातेल्यात टाकला, असं खाली लिहिलेलं. दातेरी कडेची पत्र्याची चकती होती, फेकली की वळून येणारी. ती खरंच वळून आली आणि बनवणाऱ्याच्या टोपीत घुसली, ती टोपीही शेजारी ठेवलेली. बाटलीला शेपटी जोडलेला एक बाण होता, त्याबद्दल फक्त 'उलटा गेला' एवढंच होतं. पण गंमत बघा. या सगळ्यांच्या खाली बनवणाऱ्याचं नाव होतं, हुद्दा होता, गाव होतं. वरणात दगड टाकणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. आमच्या आबांच्या दांड्याखाली 'एक मेंढपाळ जवान'.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सुभेदार. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, तोंड दिसेल असे बूट. मी तणतणत त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि हे सगळं एका दमात बोलले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि एक ट्रंक उघडली. कप्तान साहेब वारले होते, त्यांच्या मुलानं ती ट्रंक मंडळाला दिली होती. तीत दांडा होता आणि साहेबांच्या हातचा कागद होता. त्यावर जवानाचं नाव नव्हतं. 'मेंढपाळ जवान. दहा फेकी. एकही डब्याला लागली नाही. शस्त्र उपयोगाचे नाही.' खाली सही.

"ताई, हा साहेबांचा शेरा आहे. पन्नास वर्षांनी मी तो कसा खोडू?" अध्यक्ष म्हणाले. "पण तुमच्या वडिलांचं नाव मात्र आजच घालतो, आनंदानं घालतो. सांगा."

मी तिथूनच आबांना फोन लावला. आबा म्हणाले, "त्या वाक्याखाली माझं नाव? न्हाई. आजिबात न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच बेवारस." आणि फोन ठेवला.

मी अध्यक्षांना म्हटलं, "वाक्य बदला, मग नाव मिळेल."

"लागला तर बदलतो की." ते शांतपणे म्हणाले. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, तीन आठवड्यांनी, मागच्या मैदानावर या वस्तूंपैकी जेवढ्या धड आहेत तेवढ्या चालवून दाखवायच्या होत्या. "घेऊन या त्यांना. साठ पावलं, तेलाचा डबा, मातीचे गोळे. एक लागू दे. फक्त एक. मी माझ्या हातानं पुठ्ठा फाडतो."

"लिहून द्या."

माणूस हसला, पण त्यानं खरंच लिहून दिलं. तो कागद मी पर्समध्ये ठेवला आणि बसस्टँडपर्यंत पाय आपटत गेले.

मूळ दांड्याची दोरी कुजली होती, म्हणून नवीन दांडा बनवायचं ठरलं. दांडा मी कुपवाडला लेथवर काढला, फोटो बघून, मापात. झोळीसाठी माझ्या जुन्या सेफ्टी बुटाची जीभ कापली. दोरी तात्यांनी लोकरीची वळून दिली. हौसेनं मी ॲल्युमिनियमचे दहा गोळेही काढले, आरशासारखे गुळगुळीत. आबांनी एक हातात घेऊन बघितला, म्हणाले, "लय झ्याक हाय. कपाटात ठीव," आणि मातीचे गोळे करून उन्हात वाळत घातले.

पहिल्या रविवारी आम्ही गावामागच्या माळावर गेलो. मी साठ पावलं मोजून डबा ठेवला. आबांनी दांडा हातात घेतला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण दांडा डोक्यावर गेला तसा खांदा सैल झाला, कंबर वळली, आणि गोळा असा सुटला की मी "अगं बाई!" म्हणाले. सुईच्या रेषेत गेला. आणि डब्याच्या दोन हात अलीकडे फुटला.

दुसराही तिथंच फुटला, तिसराही. सहाव्या गोळ्याला माझा धीर सुटला. "आवं आबा, जरा लांब मारा की! दोन हात फकस्त!" ते मान हलवायचे आणि पुन्हा फेकायचे. पुन्हा तिथंच. त्यांचा चेहरा मला बघवेना. तो बावीस वर्षांचा जवान साहेबासमोर कसा उभा असेल, ते मला त्या माळावर दिसलं.

तेवढ्यात तात्या मेंढरं घेऊन तिकडून आले. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले, मग खो खो हसायला लागले. मी चिडले. "तात्या, हसायला काय झालं?"

"आगं, त्येला डब्याला मारायचंय का काय?"

"मग काय नाचायचंय?"

"आन् मारंल कसा त्यो?" असं म्हणून त्यांनी कमरेची गोफण सोडली, खालचा एक दगड उचलला, दोनदा गरगर फिरवून सोडला. डब्याच्या दोन हात अलीकडे. दुसरा सोडला, तोही तिथंच. "ह्ये बघ. माझा बी लागत न्हाई. आमच्यातल्या कुणाचाच लागायचा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आणि मला, धनगराच्या पोरीला, लेथवर आयुष्य गेल्यामुळं हे सांगावं लागलं याची लाज वाटली. कळपातून मेंढरू भरकटलं की धनगर गोफण मारतो, पण मेंढराला मारत नाही. त्याच्या तोंडापुढं मारतो. दगड पुढ्यात पडला, धूळ उडाली, की मेंढरू दचकून माघारी वळतं. अंगाला लागला तर पाय मोडतो, गाभण असली तर गाभ टाकते. पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की आधी हेच शिकवतात. आजोबा म्हणे समोर मेंढी उभी करायचे आणि दगड तिच्यापुढं दोन हातांच्या आत पडला की पाठीत रट्टा घालायचे. आबा आणि तात्या दोघांनी ते रट्टे खाल्ले होते.

"पण लांडग्याला मारता ना?" मी म्हटलं.

"त्येला मारतो की. टाळक्यात मारतो. पर लांडगा पळत येतो, कोकरू धरतो. ह्यो डबा गुमान हुबा हाय. पळत न्हाई, कुणाला चावत न्हाई. हाताला काय कळणार, ह्येला मारायचंय म्हणून?"

आबा दांड्यावर रेलून ऐकत होते. त्यांच्या तोंडावरचं काही तरी सुटलं, असं मला वाटलं. पन्नास वर्षं हा माणूस समजत होता की आपल्या हातात खोट आहे. ते डब्याकडे बघत म्हणाले, "व्हय की रं. मेंढरागत हुबा हाय." आणि खाली बसून त्यांनी तंबाखू मळली.

मी काय करायचं? मला तर डबा पाडायचा होता, तीन आठवड्यांत. मी हट्टाला पेटले. डबा दोरीनं ओढत नेला, पळणारा लांडगा म्हणून. आबा म्हणाले, पळणारं मेंढरू दिसतंय. मग मी कुपवाडहून रंग आणला आणि डब्यावर लांडगा काढला, लाल डोळे, दात बाहेर. तात्यांनी वाकून निरखून बघितलं. "ह्यो तर आपला मोत्या दिसतोय गं." मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याला मारायचा तर प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, आबा, डब्याच्या मागं दोन हातांवर मेंढरू आहे असं समजा आणि त्याच्या पुढ्यात मारा, मग डब्यालाच लागेल. हे त्यांना पटलं. ते डोळे मिटून समजायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, आणि गोळा सुटायच्या वेळी डोळे उघडायचे. डोळ्यांना डबा दिसायचा. दोन हात अलीकडे.

तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "मी जात न्हाई. एकदा हसं झालं ते पुरे."

"जायचं," मी म्हटलं.

"आगं, लागत न्हाई तर जाऊन करू काय?"

"ते मला म्हायती न्हाई. पर जायचं. तिथं वरणात दगड टाकणाराचं नाव हाय आबा! टोपी फाडून घेणाराचं नाव हाय! आन् तुमचं न्हाई. मला झोप लागत न्हाई त्यापायी." मी ओरडतच होते, गल्लीत लोक थांबले होते. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन इस्त्रीचा सदरा काढला.

मैदानावर चारशे-पाचशे माणूस असेल. बहुतेक म्हातारे फौजी, काही त्यांच्या सुना-लेकी. ट्यूबच्या बेचकीनं दगड यावेळी पुढं टाकला, तेव्हा टाळ्या पडल्या. चकती त्यांनी शहाणपणानं फेकलीच नाही. मग माईकवरून पुकारलं, गोफण-दांडा. आबा पुढं गेले. साठ पावलांवर डबा होता. लांडग्याचं चित्र नव्हतं, तेलकट पिवळा डबा नुसता.

पहिला गोळा दोन हात अलीकडे फुटला. दुसरा तिथंच. तिसऱ्याला लोकांत खसखस पिकली. चौथ्या गोळ्याला गर्दीतून कुणी म्हातारा ओरडला, "दोन हात अलीकडं!" आणि आजूबाजूचे मोठ्यानं हसले. आबांच्या पलटणीतला असणार, दुसऱ्या कुणाला ते नाव ठाऊक नव्हतं. आबांनी दांडा खाली टेकला. अध्यक्षांनी माईक हातात घेतला, बहुतेक आभार मानायला.

मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी मैदानात होते. ठरवलेलं वगैरे काही नव्हतं. चालत गेले, डबा उचलला, लांब भिरकावला आणि डब्याच्या जागी मी उभी राहिले, हात खाली सोडून.

"आबा, मारा!"

अध्यक्ष माईकवर ओरडले, "ताई, बाजूला व्हा! हे काय करताय?" मी हलले नाही. आबा तिकडून हात हलवत होते, हो बाजूला, हो बाजूला.

"मी तुमच्या कळपातली हाय," मी म्हटलं. माझा आवाज साठ पावलं सहज जातो, त्याला माईक लागत नाही. "चुकले हाय मी. वळवा मला!"

आबा थांबले. मग त्यांनी वाकून गोळा उचलला. गोळा वाळून दगडच झालेला असतो, डोक्याला लागला असता तर मी हे लिहायला राहिले नसते. दांडा वर गेला. मी डोळे उघडे ठेवले, कारण मिटले असते तर सगळंच फुकट होतं. गोळा मोठा होत होत आला आणि माझ्या पुढ्यात दोन हातांवर फुटला. धूळ साडीवर उडाली. मी म्हटलं, "अजून!" दुसरा त्याच भगदाडात पडला. "अजून!" तिसराही. माझ्या पायाच्या नखाला खडासुद्धा लागला नाही.

आता हसत कुणीच नव्हतं. अध्यक्ष मैदान ओलांडून माझ्याकडे आले. मला वाटलं, हाताला धरून बाहेर काढणार. त्यांनी माझ्या पायांपुढचा खड्डा बघितला. वीतभर रुंद, सातही गोळे त्यात. बाहेर एकही नाही. ते बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "ताई, सरका जरा."

मी सरकले. ते माझ्या जागी उभे राहिले, छाती पुढं काढून, सावधान. "मारा, दादा!"

आबांनी मारला. अध्यक्षांचे ते चकचकीत बूट धुळीनं भरले. ते एक इंचही हलले नव्हते.

तेव्हा कुठं मी मैदानातच खाली बसले.

अध्यक्षांनी तिथंच टेबल मागवलं, कोरा पुठ्ठा मागवला, जुना फाडायला घेतला. आबा दांडा घेऊन येत होते, त्यांनी लांबूनच हात वर केला. "फाडू नका. साहेबानं खोटं लिवलं न्हाई. बॉम्ब दोन हात अलीकडं पडला तर लढाईत त्येचा काय उपेग? डब्याला लागला न्हाई, ऱ्हाऊ दे तसंच."

मी उसळले. "आबा! मग मी काय उगंच तिथं—"

"तू गप." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा आवाज बंद केला. मग अध्यक्षांना म्हणाले, "त्येच्या खाली लिवा. दहाच्या दहा एका जागी पडले. मारणारा धनगर व्हता, त्येला जनावराला न मारायचं शिकवलं व्हतं."

अध्यक्षांनी जसंच्या तसं लिहिलं. पेन पुठ्ठ्यावर तसंच धरून त्यांनी वर बघितलं. नावाची जागा अजून कोरी होती.

आबांनी दांडा माझ्या हातात दिला. टाचा जुळवल्या, हात बाजूला घेतले, हनुवटी वर केली. आणि नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं एका दमात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हा गळा मी आबांकडून घेतला होता, हे मला त्या दिवशी कळलं. अध्यक्षांचं पेन मागं पडलं, ते म्हणाले, "दादा, जरा सावकाश, नाव पुन्हा सांगा." आबांनी नाव पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.